खळ्यावरचा सामना

काळ्या जमिनीचा स्वभाव आधी सांगितला पाहिजे. तो कळल्याशिवाय त्या हिवाळ्यात आमच्या गावात जे घडले ते परगावच्या माणसाला खरे वाटणार नाही. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्याची वाट न पाहता, थंडी पडता पडताच, आक्रसू लागते. आक्रसताना ती फाटते. आधी केसाएवढी रेघ दिसते, मग तिच्यात काडी जाते, मग लहान मुलाचा हात कोपरापर्यंत जातो. शेतकऱ्याला या भेगांचे वाईट वाटत नाही. काळी जमीन आपली आपणच नांगरून घेते, असे माझे वडील म्हणत. आज सातवीच्या वर्गात मृदेचे प्रकार शिकवताना मी वडिलांचे हे वाक्य मुलांना सांगतो, आणि दरवर्षी एखादा मुलगा विचारतो की मग बैल कशाला ठेवायचे. प्रश्न रास्त आहे. पण ज्याला त्याच जमिनीवर फुटबॉल खेळायचा आहे त्याच्यासाठी भेग म्हणजे मुरगळलेला घोटा. आणि आम्हाला फुटबॉलच खेळायचा होता.

आमच्या संघाला अकादमी म्हणत. हा शब्द रफीक उस्तादांनी आणला होता. उस्तादांचे मंगरूळपीरला पंक्चर काढण्याचे दुकान होते. तरुणपणी ते कामठीकडे फुटबॉल खेळले होते आणि एका गुडघ्याने दगा दिल्यावर परत आले होते. दुपारी दुकान धाकट्या भावावर सोपवून ते लुनावर बसून आसेगावच्या वाटेवरच्या आमच्या गावी येत. मुलांना शिकवताना त्यांच्या हाताला रबराच्या सोल्युशनचा वास येई आणि शिट्टीऐवजी ते दोन बोटे तोंडात घालत. संघात गावातली मुले होती, आसेगावची काही होती, आणि कप्तान होता विनोद राठोड. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून तो आमच्या गावी मामाकडे शिकायला आला होता आणि धावताना त्याच्या पायाचा आवाज येत नसे. मी गोलरक्षक होतो. मला गोलात का उभे केले, असे मी एकदा उस्तादांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "गजा, तू एक जगह ठहरतच नाही ना बेटा. म्हणून तुले एका जागी उभं करून राह्यलो. कुठून तरी सुरुवात झाली पाह्यजे."

ते खरेच होते. मला बसवत नसे. जेवतानाही माझा एक पाय पाटाबाहेर हलत राही. ताटातून लिंबाची फोड घरंगळली तर ती जमिनीला लागण्याआधी मी झेलत असे, आणि वडील, जे आमच्या घरातले एकमेव स्वस्थ माणूस, ते मान वर न करता म्हणत, "आउट." त्यांना फुटबॉल आणि क्रिकेट यांतला फरक शेवटपर्यंत महत्त्वाचा वाटला नाही. ही अस्वस्थता माझ्याकडे मायकडून आली असावी. हिवाळ्यात आमच्या घरी तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी होई, वर तेलाचा तवंग असलेली, आणि सोबत ज्वारीची भाकर. माय परातीत भाकर थापायची तो आवाज इतका झपझप चाले की शेजारची काकू ओट्यावरून ओरडे, "अवं, कोनाची गाडी चुकून राह्यली?" गाडी कोणाचीच चुकत नसे. त्या वर्षांत माझ्या मायच्या हातांना हिवाळ्यात पुरेसे काम उरले नव्हते, एवढेच.

याचे कारण सोयाबीन. सोयाबीन आले, त्यामागोमाग मळणीयंत्र आले, आणि खळे गेले. आजच्या मुलांना खळे चित्रात दाखवावे लागते, म्हणून सांगतो. कणसे मळण्यासाठी शेतातच जमिनीचा एक गोल तुकडा भिजवायचा, त्यावर कुटार म्हणजे भुसा पसरायचा, बैल फिरवून तो मातीत तुडवायचा, आणि वरून शेणाने सारवून वाळवायचा. अशी जमीन पाटासारखी सपाट होते आणि तिला महिनोन्महिने भेग पडत नाही. माझी माय या कामात नावाजलेली होती. तिने सारवलेल्या खळ्यातून दाणा उचलताना मातीचा कण सोबत येत नसे. लग्न होऊन आल्यापासून चार घरच्या बाया खळे करताना तिला बोलावून नेत. मग यंत्र आले, शेतात उभे राहून घरघरू लागले, आणि बोलावणे थांबले. ती याबद्दल काही बोलत नसे. नुसत्या भाकरी जोरात थापत असे.

त्या हंगामात दुय्यम साखळीतल्या अकादमी संघांच्या चषकात आमचे नाव पहिल्यांदाच दाखल झाले होते. पहिले दोन सामने आम्ही परगावी जाऊन जिंकले. तिसरा अकोल्याच्या एका अकादमीशी होता आणि तो आमच्या मैदानावर ठरला. ही बातमी आली तेव्हा उस्तादांनी साऱ्या संघाला जिलेबी खाऊ घातली. ती पोटात जिरते न जिरते तोच स्पर्धेचे निरीक्षक मैदान पाहायला आले. पांढरा शर्ट, पांढरे बूट, आणि बोलण्यात घाई. ते गोलापुढे गेले, थांबले, आणि त्यांनी आपली छत्री एका भेगेत सोडली. ती मुठीपर्यंत आत गेली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

"जमीन आहे साहेब," उस्ताद म्हणाले.

"जमीन मलाही दिसते. हिला तोंडं किती आहेत?"

"मोजून सांगू का?" विनोद मागून पुटपुटला. उस्तादांनी मागे न पाहता त्याला कोपर मारले.

निरीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी नियम सावकाश समजावून सांगितला. रविवारपर्यंत मैदान खेळण्याजोगे झाले नाही तर आम्ही सामना सोडला असे धरले जाईल. आणि नव्या अकादमीने पहिल्याच वर्षी सामना सोडला तर तिचे नाव साखळीतून निघते आणि पुन्हा घेतले जात नाही. हरलात तर हरकत नाही, ते म्हणाले, हरलेल्याला पुढच्या वर्षी येता येते. ते गेल्यावर उस्ताद बराच वेळ लुनाला टेकून उभे राहिले. माझ्या पायांना तेव्हा काय झाले ते मला आजही आठवते: ते हलायचे थांबले.

संध्याकाळी उस्ताद आमच्या ओट्यावर बसले होते. वडील मुरूम टाकण्याबद्दल बोलत होते. मुरूम दबायला एक पावसाळा लागतो, हे दोघांनाही ठाऊक होते, तरी दोघे त्याबद्दलच बोलत होते. माय चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मुरूम कायले पाह्यजे? खळं करा ना."

वडील हसले. "अवं, खळं आंगनाएवढं राह्यते. हे मैदान हाय."

"साऱ्या मैदानाचं कोन म्हनते? भेगा हायेत कुठं? दोन्ही जाळ्यांपुढं, अन् मधात. बाकीच्याले हरळीनं धरून ठेवलं हाय."

उस्तादांनी कप खाली ठेवला. "भाभी, मॅच इतवारले आहे."

"मंग उद्या फजरले पानी सोडा. अन् चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

पुढच्या कामाइतका आनंद मी गावात क्वचितच पाहिला आहे. शेजारच्या विहिरीवरचा पंप सुरू झाला आणि पाणी भेगांत उतरू लागले. जमीन ते पिताना गुळण्या केल्यासारखा आवाज करत होती. कुटार गाडीने आले. तीन खळी धरायची ठरली, दोन गोलांपुढे आणि एक मैदानाच्या मध्यभागी. बैलजोड्या एकामागून एक गोल फिरू लागल्या. त्यांच्यामागे संघातली मुले, पोटऱ्यांपर्यंत काळी. ज्या म्हाताऱ्यांना वर्षानुवर्षे कोणी काही विचारले नव्हते ते कडेला उभे राहून परस्परविरुद्ध सूचना देत होते. माय मात्र कोणाचेच ऐकत नव्हती. ती चिखलात पाय रोवून जागा तपासायची आणि म्हणायची, "हितं अजून फिरवा." उस्ताद पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बैलांची दोरी धरायला गेले, तेव्हा वडिलांनी त्यांना प्रेमाने बाजूला केले: "उस्ताद, याले हँडल नाई राहत." मग बाया शेणाच्या पाट्या घेऊन आल्या आणि ओळीने बसून सारवत मागे सरकत गेल्या. सारवण संपले तेव्हा प्रत्येक खळ्याच्या मध्यावर त्यांनी हळदकुंकू वाहिले, ज्वारीची कणसे ठेवली आणि नारळ फोडला. हे करा असे कोणी सांगितले नव्हते. खळे झाले की पूजा होते, म्हणून झाली.

आता लिहिताना मला नवल वाटते ते हे की पुढची गोष्ट साऱ्या गावात एकाच्याही ध्यानात आली नाही. पूजलेल्या खळ्यावर कोणी पायताण घालून जात नाही. दाणा जिथे पडायचा त्या जागेला पायताण लागत नाही, ही आमच्याकडची अगदी पहिली शिकवण. चालायला शिकलेले मूलही खळ्याच्या काठावर आपले बूट काढते. आणि फुटबॉलच्या नियमात बुटांशिवाय मैदानावर उतरता येत नाही. या दोन्ही गोष्टी आम्हा सगळ्यांना पाठ होत्या. पण त्या आमच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती. रविवारपर्यंत सारवण वाळायचे होते, म्हणून आम्हाला तिकडे फिरकू दिले नाही. आम्ही गाडरस्त्यावर सराव केला. मी दिवसातून कितीदा तरी काठापर्यंत जाऊन येत असे. वाळत चाललेल्या शेणाचा वास येई आणि उन्हात ती तीन वर्तुळे फिक्या हिरव्या रंगाची दिसत.

रविवारी निरीक्षक आले. त्यांनी काठावर वाकून बोटाच्या पेराने जमीन वाजवली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम," ते म्हणाले, "हे कुठल्या कंपनीकडून करून घेतलं?" तोपर्यंत बाया चांगली लुगडी नेसून कडेला येऊन बसल्या होत्या, कारण आपण केलेल्या खळ्यावर काय होते ते त्यांना पाहायचे होते. अकोल्याची मुले गाडीतून उतरली, निळ्या कपड्यांत, पायांत स्टडचे बूट. त्यांचा गोलरक्षक हात फिरवत सरळ आमच्या उत्तरेकडच्या गोलाकडे निघाला.

"ए बाबू!" माय उठली. "जोडे काढ."

तो थांबला आणि हसला. त्याला वाटले, ही गावाकडची काहीतरी थट्टा असावी. त्याने पाऊल पुढे टाकले.

"हसून काय राह्यला? खळं हाय ते. जोडे काढ आधी."

मग उस्तादांच्या ध्यानात आले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि खाली बसले. पाठोपाठ वडिलांच्या ध्यानात आले, मग माझ्या, मग ते वाऱ्यासारखे साऱ्या मैदानाभोवती फिरले.

निरीक्षकांनी नियम वाचून दाखवला. अकोल्याचे प्रशिक्षक भले माणूस; आपण दोघेही अनवाणी खेळू, म्हणाले. निरीक्षकांनी नकारार्थी मान हलवली. अनवाणी मुलाचे बोट मोडले तर जबाबदार कोण? गावातली दोनचार माणसे मायवर चिडली. आमचे एक चुलते मोठ्याने म्हणाले, "एका दिवसानं काय होते? पोरायचा खेळ हाय."

"एका दिवसासाठी तुमच्या देवघरात जोडे घालून येऊ का मंग?" माय म्हणाली. बायांपैकी कोणी उठून मायच्या शेजारी उभी राहिली नाही आणि कोणी तिच्याविरुद्धही बोलली नाही. त्या पदर सारखे करत राहिल्या.

"भाभी," उस्ताद जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. लेकिन नाव कटून जाईन. फिर कभी नहीं."

"हे मले आधीच सांगाचं होतं ना, उस्ताद. पूजा झाली आता."

निरीक्षकांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "अर्धा तास. त्यानंतर माझा नाइलाज आहे." माझे पाय पुन्हा सुरू झाले होते. मी खळ्याच्या काठाकाठाने येरझारा घालत होतो. विनोद बूट हातात घेऊन बसला होता आणि एका काडीने त्यातली वाळलेली माती कोरत होता, जणू तेवढे स्वच्छ झाले की सगळे सुटेल. मी मायजवळ गेलो.

"माय, खेळू दे ना वं."

"मी कुठं अडवून राह्यली? खळं अडवून राह्यलं."

"मंग खळं कधी खळं नाई राहत?"

तिने माझ्याकडे पाहिले. प्रश्न मी रडकुंडीला येऊन विचारला होता. त्यात काही हुशारी नव्हती. ती म्हणाली, "रास उचलली का उठते खळं. मंग ती नुसती जमीन. पन रास कुठं हाय हितं?"

"घरी हाय," वडील म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच बोलले होते, आणि बोलता बोलता सायकलकडे निघालेही होते.

ज्वारीचे अर्धे पोते आले. मायने तीन ठिकाणी तीन लहान राशी घातल्या. सुपाने वारे देऊन पाखडण्याची खूण केली. मग ती मापायला बसली. रास मोजताना बोलायचे नसते, म्हणून गाव गप्प झाले, आणि गाव गप्प झाले म्हणून अकोल्याची मुलेही झाली. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. ती म्हणाली, "लाभ." मग दोन, मग तीन. अनवाणी, पाठमोरी, एका खळ्यावरून दुसऱ्यावर जात ती मोजत होती. नऊवारीच्या काठाला भुसा लागला होता. घाई नव्हती. अर्धा तास संपत आला होता आणि निरीक्षकांनी घड्याळ असलेला हात मागे नेला होता, हे मी पाहिले.

खळ्यावर आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. मायने पदरात ज्वारी घेतली आणि कडेला येऊन वाटायला सुरुवात केली. निरीक्षकांनी रुमाल पसरला. अकोल्याच्या प्रशिक्षकांनी टोपी पुढे केली. मुलांना कळेना, मग एकाने सदऱ्याचे टोक धरले आणि सगळ्यांनी तसेच केले. त्यांच्या गोलरक्षकाने हातमोज्यांची ओंजळ केली आणि विचारले, "काकू, याचं काय करू?"

"आईले दे तुया. म्हन, भाकरी कर." मग तिने उरलेली ज्वारी सुपात घेतली, कपाळाला लावली, आणि उस्तादांना म्हणाली, "उठलं खळं. खेळा आता."

सामन्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आम्ही चांगले खेळलो. विनोदने एकदा चेंडू खांबावर मारला, तेव्हा वडील ओरडले, "सिक्स!" पण एक गोष्ट आम्ही शिकलोच नव्हतो. सारवण वाळत असताना आम्हाला वर जाऊ दिले नव्हते, त्यामुळे खळ्यावर चेंडू कसा उसळतो हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. उत्तरार्धात त्यांच्या एका मुलाने लांबून, जवळजवळ निरुपायाने, चेंडू उंच मारला. मी पुढे आलो, टप्प्याचा अंदाज घेतला, हात वर केले. ती जमीन दगडाहून टणक झाली होती. चेंडू माझ्यापुढे पडला आणि माझ्या बोटांवरून, आयुष्यात कधी गेला नव्हता इतका उंच, माझ्यामागे गेला. तो एकच गोल झाला.

शेवटी उस्तादांनी प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारली. "हारे तो हारे. खेळलो ना? नाव आहे आपलं." निरीक्षकांनी त्यांच्याशी हात मिळवला आणि गाडीत बसताना ज्वारीची पुरचुंडी खिशात नीट दाबली. अकोल्याची मुले खिडकीतून ओरडत होती, "काकू, येतो!" गाव पांगले. मला घरामागे जाऊन एकटे बसायचे होते. पण माय गोलापुढे उभी होती, वाकून टाचेने जमीन दाबत होती.

"गजा, बॉल आन."

"कायले?"

"आन तर."

मी आणला. तिने मला नेमकी ती जागा दाखवली जिथे टप्पा पडला होता. म्हणजे ती सगळा वेळ पाहत होती. "हितं टाक. उंचून."

मी टाकला. चेंडू उसळला, तिची नजर त्याच्यासोबत वर गेली आणि खाली आली. तिने पुन्हा टाकायला सांगितले, मग दोन हात डावीकडे, मग रेषेच्या जवळ. अंधारून येत होते. तिने हात टेकून जमिनीवर तळवा फिरवला.

"लय वाळलं," ती म्हणाली. "सरळ उन्हं लागली. पुढच्या साली दोन दिवस वरून पाला टाकून ठेवू."

चेंडू घरंगळत रेषेकडे गेला, तरी मी हललो नाही.

"उभा काय राह्यला? तिकडच्या जाळीपुढचं राह्यलं ना अजून," असे म्हणून ती मैदान ओलांडून चालू लागली. मी चेंडू उचलला आणि तिच्या मागे धावलो.